एकाच दरबाराचे दोन हुकूम

शास्त्रपाठ : एस्तेर १:१०–२२, ३:८–१५, ९:२९–३२



पवित्र शास्त्राच्या सहासष्ट पुस्तकांपैकी एकाच पुस्तकात आपल्या देशाचे नाव येते, आणि ते पुस्तक म्हणजे एस्तेर. मूळ इब्री शब्द ‘होदू’ असा आहे. सिंधू नदीच्या नावाशी त्याचे नाते आहे. अहश्वेरोश राजाची सत्ता या होदूपासून कूश देशापर्यंत एकशे सत्तावीस प्रांतांवर होती, असे पहिल्याच वचनात सांगितले आहे (१:१). आठव्या अध्यायात तोच उल्लेख पुन्हा येतो (८:९). म्हणजे शूशन राजवाड्यातून निघालेले हुकूम ज्या सीमेपर्यंत पोहोचत, त्या सीमेच्या एका टोकाला आपली भूमी होती.

एस्तेरवर प्रवचन करताना आपण बहुधा चौथ्या अध्यायापासून आरंभ करतो. मर्दखयाचा निरोप, एस्तेरचा उपवास, तिचे धैर्य यांवर आपण मनापासून बोलतो. पहिला अध्याय मात्र मेजवानीचे वर्णन समजून ओलांडून जातो. आज त्या अध्यायापाशी थांबावे अशी माझी विनंती आहे. पहिल्या अध्यायातील हुकूम समजला नाही, तर तिसऱ्या अध्यायातील हुकूमही नीट समजत नाही.

राजाने एकशे ऐंशी दिवस आपले वैभव मिरवले आणि त्यानंतर सात दिवस मेजवानी दिली. सातव्या दिवशी, मद्याच्या भरात, त्याने आपल्या सात खोजांना वश्ती राणीकडे पाठविले. राजमुकुट घालून तिने लोकांपुढे व सरदारांपुढे यावे, म्हणजे तिचे रूप सर्वांना दिसेल, अशी त्याची इच्छा होती. सोन्याचांदीच्या पात्रांचे प्रदर्शन झाले होते. आता राणीचे व्हायचे होते. वश्तीने यायचे नाकारले. का नाकारले हे शास्त्र सांगत नाही. तिच्या तोंडचा एक शब्दही लेखकाने नोंदविलेला नाही. फक्त नकार नोंदविला आहे.

यापुढे जे घडले ते मोठे विलक्षण आहे. पतिपत्नीमधील एका प्रसंगावर विचार करण्यासाठी साम्राज्याचे सात मंत्री एकत्र बसले. त्यांच्यापैकी ममुखान याने जो युक्तिवाद केला, त्याच्या पायऱ्या लक्षपूर्वक पाहा. पहिली पायरी : वश्तीचा अपराध केवळ राजाविरुद्ध नाही, तो सर्व सरदारांविरुद्ध व सर्व प्रांतांतील सर्व लोकांविरुद्ध आहे. दुसरी पायरी : ही वार्ता पसरली की घरोघरच्या स्त्रिया आपल्या पतींना तुच्छ लेखू लागतील. तिसरी पायरी : म्हणून हा विषय राजाज्ञेने, कधीही न बदलणाऱ्या कायद्याने, मिटवला पाहिजे. एका स्त्रीने एका दिवशी एका खोलीतून दिलेला नकार अशा रीतीने तीन वाक्यांत राज्यावरील संकट ठरला. ज्याला आपल्या राणीला बोलावून आणता आले नाही, त्याने एकशे सत्तावीस प्रांतांतील प्रत्येक पुरुषाला घराचा सत्ताधीश करणारी पत्रे धाडली!

भाषांतराच्या कामात मला या वचनाचा (१:२२) वारंवार विचार करावा लागला आहे. इब्री पाठात दोन गोष्टी आहेत : प्रत्येक पुरुषाने आपल्या घरात सत्ता चालवावी, आणि त्याने आपल्या लोकांची भाषा बोलावी. दुसऱ्या भागाचा अर्थ लावताना भाषांतरकार आजही अडखळतात; परंतु पुष्कळ विद्वानांनी मानलेला एक अर्थ असा, की पतिपत्नी वेगवेगळ्या लोकांतील असतील तर घरात भाषा चालावी ती पतीची. प्राचीन ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी हा भाषेचा भाग गाळला आणि पहिल्या भागाऐवजी घराघरांत पुरुषांचे भय असावे, असा अर्थ दिला. हुकुमाचे सत्य त्या जुन्या भाषांतरकारांनी एका शब्दात उघड केले आहे. सत्तेला प्रेम कायद्याने उत्पन्न करता येत नाही, भय मात्र करता येते.

आता दुसऱ्या अध्यायाकडे वळा. स्त्रियांविषयीचा हुकूम निघाल्यावर लगेच काय होते? प्रांताप्रांतांतून कुमारी गोळा केल्या जातात (२:३, ८). त्यांना विचारण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आणि तिसऱ्या अध्यायात हामान राजाला सांगतो की, राज्यात विखुरलेले एक राष्ट्र आहे, त्यांचे नियम इतरांहून वेगळे आहेत, त्यांना राहू देण्यात राजाचे हित नाही (३:८). या युक्तिवादाचा साचा तुम्हांला ओळखीचा वाटत नाही काय? एका मनुष्याने, मर्दखयाने, नमस्कार केला नाही. हामानाने त्याचा सूड सबंध लोकांवर घेतला. ममुखानाने एका राणीचा नकार सर्व स्त्रियांवर लादला, हामानाने एका यहूद्याचा नकार सर्व यहूद्यांवर लादला. दोन्ही वेळा राजा दुसऱ्याच्या सल्ल्याला मान डोलावतो. दोन्ही वेळा पत्रे प्रत्येक प्रांताच्या लिपीत व प्रत्येक लोकांच्या भाषेत जातात (१:२२, ३:१२). पहिला हुकूम निमूटपणे स्वीकारलेल्या साम्राज्याला दुसरा हुकूम स्वीकारणे जड गेले नाही.

प्रियजनहो, आजच्या प्रवचनाचा विषय हाच आहे. स्त्रीने मान खाली घालावी असे सांगणारे राजकारण आणि अल्पसंख्याकांनी मान खाली घालावी असे सांगणारे राजकारण ही पुष्कळदा एकाच दरबाराची दोन पत्रे असतात. आपण ख्रिस्ती लोक दुसऱ्या पत्राने घाबरतो; पहिले पत्र मात्र कधी कधी घडी घालून आपल्याच शास्त्रात जपून ठेवतो.

हे आपल्या मराठी भूमीत कसे घडले ते पाहू. मुंबईच्या रखमाबाई यांचा विवाह अकराव्या वर्षी झाला होता. वयात आल्यावर त्यांनी पतीच्या घरी नांदण्यास नकार दिला. १८८४ मध्ये पतीने उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. परंतु अपिलानंतर १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी त्यांना नांदायला जावे अथवा सहा महिने तुरुंगात जावे असे फर्माविले. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ मध्ये पैशाने तडजोड झाली. पुढे त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या व सुरत आणि राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली.

या खटल्यात एक विसंगती आहे, ती आपण विसरू नये. पत्नीला सक्तीने नांदायला लावण्याचा दावा मूळचा हिंदू धर्मशास्त्रातला नव्हेच. तो इंग्लंडच्या चर्च-न्यायालयांतून आला. खुद्द इंग्लंडने १८८४ मध्ये अशा प्रकरणी तुरुंगाची शिक्षा रद्द केली होती. तरीही पुण्यातील ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी, परकीय कायद्याविरुद्ध एरवी लेखणी परजत असताना, येथे पतीची बाजू उचलून धरली. स्त्रीला घरात परत आणणारे शस्त्र परक्याच्या भात्यातले असले तरी ते गोड वाटले. आणि ते शस्त्र घडविणारे हात ख्रिस्ती होते. यात लाज कोणी एकट्याने वाटून घेण्यासारखी नाही.

१८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची विवाहित मुलगी पतीच्या जबरदस्तीने मरण पावली. त्यानंतर संमतिवयाचे बिल आले. मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा करणे एवढेच त्यात होते. १९ मार्च १८९१ रोजी ते संमत झाले. परकीय सरकारला आमच्या धर्मात हात घालण्याचा अधिकार नाही, असे म्हणून लोकमान्य टिळकांनी त्याला कडाडून विरोध केला. लोकमान्यांच्या देशभक्तीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. १९०८ ते १९१४ ही मंडालेची वर्षे त्यांनी देशासाठी भोगली. परक्या सत्तेने घरात शिरावे काय, हा प्रश्नही खोटा नव्हता. परंतु त्या वादात राष्ट्राच्या मानाची चर्चा जितकी झाली, तितकी फुलमणीच्या देहाची झाली नाही. राष्ट्राचा मान दहा वर्षांच्या मुलीच्या अंगावर उभा केला की तो मान किती जड होतो, हे त्या वर्षाने दाखविले.

याच काळात पंडिता रमाबाई मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी शारदासदन उघडतात, १८९० मध्ये ते पुण्यास आणतात, आणि १८९३ मध्ये सदनातील विधवांवर ख्रिस्ती छाप पडते म्हणून मोठे वादळ उठते. सल्लागार मंडळ राजीनामा देते, अनेक पालक आपल्या मुली काढून नेतात. त्या पालकांची भीती समजण्यासारखी होती. राज्य परक्यांचे, पैसा अमेरिकेतील मंडळांचा, आणि चालक स्वतः ख्रिस्ती झालेल्या. परंतु त्या कोलाहलात एक प्रश्न फार थोड्यांनी विचारला : त्या विधवांना स्वतःला काय हवे आहे? विरोधकांनी त्यांना धर्माची मालमत्ता मानले. आमच्या मिशनच्या अहवालांनीही पुष्कळदा त्यांना आकडे मानले. रमाबाईंनी त्यांना अक्षरे दिली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या आपल्या या मध्यप्रांताच्या मुलखात येऊन शेकडो निराधार मुलींना आणि स्त्रियांना घेऊन गेल्या; त्यांच्यासाठी केडगावचे मुक्तिसदन वाढले. पुढे इब्री व ग्रीक शिकून रमाबाईंनी सबंध पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. १९२४ मध्ये ते शास्त्र केडगावच्या छापखान्यातून पूर्ण बाहेर पडले. ज्यांना मुकी ठेवण्यासाठी एवढा गदारोळ झाला, त्याच स्त्रियांच्या हातांनी वचनाचे खिळे जुळविले. भाषांतरकार म्हणून मी या घटनेपुढे नतमस्तक होतो.

स्वराज्य आल्यावर तरी ममुखान निवृत्त झाला काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हिंदू कोड बिल मांडले. त्यात स्त्रीला वारसा, घटस्फोट आणि एकपत्नीत्वाचा आधार होता. ११ डिसेंबर १९४९ रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने बिलाविरुद्ध सभा घेतली. रामराज्य परिषदेनेही मोर्चे काढले. विरोध काँग्रेसमध्येही होता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले, त्याच्या कारणांत हे बिल रखडणे हे प्रमुख कारण होते. पुढे १९५५ आणि १९५६ मध्ये ते तुकड्यातुकड्यांनी संमत झाले.

आता क्षणभर देशाबाहेर पाहू, म्हणजे हा दोष एका धर्माचा नाही हे ध्यानात येईल. १९३३ मध्ये जर्मनीत हिटलरच्या सरकारने नवविवाहितांना हजार मार्कांपर्यंत कर्ज देण्यास आरंभ केला. अट अशी की पत्नीने नोकरी सोडावी. १९३८ च्या डिसेंबरात मातांसाठी पदक निघाले : चार मुलांना कांस्य, सहांना रौप्य, आठांना सुवर्ण. याच सरकारने १५ सप्टेंबर १९३५ रोजी यहूदी व जर्मन यांच्या विवाहावर बंदी घातली. कोणत्या स्त्रीने प्रसवावे, किती प्रसवावे आणि कोणापासून प्रसवू नये, हे राज्य ठरवू लागले. मातेला पदक देणारा हात आणि यहूद्यांना मृत्युछावणीत धाडणारा हात एकच होता. आणि ‘जर्मन ख्रिस्ती’ म्हणविणारी मंडळी या दरबारात टाळ्या वाजवीत होती. १९३४ च्या मे महिन्यात बार्मेन येथे ज्या विश्वासी लोकांनी ख्रिस्ताशिवाय दुसरा नेता मानण्यास नकार दिला, ते संख्येने थोडे होते.

हा इतिहास जुना झाला असे कोणी म्हणेल. तर ७ फेब्रुवारी २०१७ रोजी रशियाने घरातील मारहाण, पहिल्यांदा घडली व गंभीर इजा झाली नाही तर, फौजदारी गुन्ह्यांतून वगळली. त्याआधीच्या कडक तरतुदीला २०१६ मध्ये तेथील ऑर्थोडॉक्स चर्चच्या कुटुंबविषयक आयोगाने कुटुंबसंस्थेचे नाव घेऊन विरोध केला होता. ज्यांचे बहुमत असते तेथे ख्रिस्ती मनुष्यही ममुखान होतो. हे आपण नम्रपणे मान्य केल्याशिवाय पुढे बोलण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आणि आता आपल्या दाराशी येऊ. मी हे भिलाईतून लिहीत आहे. १९५५ च्या करारानंतर सोव्हिएत संघाच्या साहाय्याने येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून लोक आले. येथे एकाच बाकावर मराठी, छत्तीसगढी, तेलुगू, मल्याळी आणि उडिया बोलणारे उपासनेला बसतात. कित्येक घरांत आईची भाषा एक आणि वडिलांची दुसरी असते. मुले दोन्ही बोलतात, आणि कारखान्याचा भोंगा कोणाची भाषा विचारीत नाही. अशा या गावाला लागूनच दुर्गचे रेल्वे स्थानक आहे.

त्या स्थानकावर २५ जुलै २०२५ रोजी केरळच्या दोन धर्मभगिनींना आणि एका आदिवासी तरुणाला अटक झाली. नारायणपूर जिल्ह्यातील तीन आदिवासी तरुणी कामासाठी त्यांच्याबरोबर आग्र्याला निघाल्या होत्या. बजरंग दलाच्या कार्यकर्त्यांनी तक्रार केली. मानवी तस्करीचा आणि धर्मांतराचा आरोप ठेवण्यात आला. मुली आमच्या संमतीने जात होत्या आणि आम्ही आधीपासूनच ख्रिस्ती आहोत, असे घरच्यांनी सांगितले. २ ऑगस्ट रोजी बिलासपूरच्या विशेष न्यायालयाने जामीन दिला. आरोपांचा निवाडा करणे हे न्यायासनाचे काम आहे, प्रवचनपीठाचे नाही. गरीब मुलींची फसवणूक करून त्यांना विकणाऱ्या टोळ्या या प्रदेशात खरोखर आहेत, आणि त्यांच्याविरुद्ध सावध राहणे हे पुण्यकर्मच आहे.

परंतु मी त्या तीन तरुणींविषयी विचार करतो. सर्व देशात त्या दिवसांत जी चर्चा झाली ती धर्मभगिनींची, पक्षांची, केरळच्या खासदारांची आणि छत्तीसगढच्या सरकारची. आपण आपल्या इच्छेने निघालो होतो, असे त्या तिघींनी स्वतः सांगितले. एखाद्या प्रौढ स्त्रीने गाडीत बसण्यासाठी एवढे म्हणणे पुरेसे असावयास हवे होते. दोन्ही बाजूंनी त्यांना ‘आमच्या मुली’ म्हटले गेले. वश्तीप्रमाणे त्याही चर्चेचा विषय होत्या, चर्चेत मात्र नव्हत्या.

याची मुळे कायद्याच्या भाषेतही आहेत. १९६८ मध्ये मध्यप्रदेशाने जो धर्मस्वातंत्र्य कायदा केला आणि जो २००० मध्ये नव्या छत्तीसगढ राज्याकडे वारशाने आला, त्यात बळजबरीने धर्मांतर घडविण्याबद्दल एक वर्षापर्यंत शिक्षा सांगितली होती. धर्मांतरित व्यक्ती अज्ञान मूल, स्त्री, अथवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर ती दोन वर्षांपर्यंत. यादी पाहा. बळजबरी कोणावरही झाली तरी पाप आहे. परंतु पन्नाशीची, शिकलेली, संसार चालविलेली स्त्री या यादीत लहान मुलाशेजारी बसविली आहे. संरक्षणाचा शब्द वापरून तिच्या बुद्धीवर अविश्वास दाखविला आहे. महाराष्ट्रातही १३ डिसेंबर २०२२ रोजी महिला व बालविकास विभागाने अशा विवाहांची माहिती ठेवण्यासाठी समिती नेमली. प्रथम आंतरजातीय आणि आंतरधर्मीय दोन्ही विवाह त्यात होते, थोड्याच दिवसांत केवळ आंतरधर्मीय ठेवले. प्रौढ मुलीने कोणाशी संसार करावा हा प्रश्न पुन्हा एकदा दरबारापुढे आला.

बंधुभगिनींनो, येथवर ऐकून आपल्याला समाधान वाटले असेल, की दोष दुसऱ्यांचा आहे. म्हणून पुढचे वाक्य अधिक लक्ष देऊन वाचा. ममुखानाची पत्रे ‘प्रत्येक लोकांच्या भाषेत’ गेली होती. तेव्हा ती आपल्या भाषेतही आली आहेत.

१८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्याप्रमाणे ख्रिस्ती पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की घटस्फोट मिळे. ख्रिस्ती पत्नीला मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरता अथवा परित्याग अशी आणखी बाब सिद्ध करावी लागे. हा भेद २००१ च्या दुरुस्तीपर्यंत, एकशे बत्तीस वर्षे, टिकला. केरळात त्रावणकोरच्या जुन्या कायद्याने ख्रिस्ती मुलीला भावाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांत जे कमी असेल ते मिळे. मेरी रॉय यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि २४ फेब्रुवारी १९८६ रोजी तो भेद संपला. त्या निकालाबद्दल उपकारस्तुती करण्याऐवजी नाराजी दाखविणारे आवाज चर्चमध्येही उठले.

आणि भाषांतराचे आमचे क्षेत्र? रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल अंद्रोनिकाबरोबर युनिया हिला प्रेषितांमध्ये नामांकित म्हणतो (१६:७). युनिया हे स्त्रीचे नाव आहे. त्याचे पुरुषवाचक रूप प्राचीन लेखांत कोठे आढळलेले नाही. तरीही विसाव्या शतकातील छापील ग्रीक आवृत्त्यांनी एका स्वरचिन्हाच्या बदलाने तिला पुरुष केले, आणि कित्येक भाषांतरे त्या मागे गेली. शतकाच्या अखेरीस ही चूक सुधारली गेली. एवढ्याशा चिन्हाने एक स्त्री प्रेषितांच्या पंक्तीतून उठविली गेली!

इफिसकरांस पत्राचेही तसेच. स्त्रियांनी पतीच्या अधीन असावे हे बाविसावे वचन आपण विवाहविधीत मोठ्याने वाचतो. परंतु सर्वांत जुन्या हस्तलिखितांत त्या वचनाला स्वतःचे क्रियापदच नाही. ते एकविसाव्या वचनातून उसने घेतले आहे, आणि एकविसावे वचन सर्वांना एकमेकांच्या अधीन होण्यास सांगते (इफिस ५:२१–२२). आपण छापताना दोहोंच्या मध्ये एक ठळक शीर्षक घालतो आणि वाक्याचे दोन तुकडे करतो. मग अर्धे वाक्य पत्नीच्या वाट्याला येते. त्याच भागात पौलाने पतीला ख्रिस्ताप्रमाणे स्वतःला अर्पण करण्यास सांगितले आहे. तो भाग मोठा असूनही आपल्या तोंडी कमी बसला आहे.

म्हणून मी आपल्याला काही साधे प्रश्न विचारू इच्छितो. एखादी बहीण पतीच्या मारहाणीने त्रासून पाळकांकडे आली, तर आपली मंडळी तिला ‘सहन कर, प्रार्थना कर’ म्हणून परत पाठविते, की २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे संरक्षण सर्व धर्मांच्या स्त्रियांना आहे हे तिला सांगते? १९२५ च्या वारसा कायद्याने मृत्युपत्राअभावी ख्रिस्ती मुलाला व मुलीला सारखा वाटा मिळतो. मग आपण मृत्युपत्र करतो ते मुलीला तो देण्यासाठी की तो टाळण्यासाठी? मंडळीच्या कमिटीत किती स्त्रिया आहेत, आणि त्यांना चहाच्या व्यवस्थेपलीकडे कोणत्या विषयावर मत विचारले जाते?

आणि सर्वांत कठीण प्रश्न. आपली सज्ञान मुलगी दुसऱ्या समाजातील तरुणाशी विवाह करू इच्छिते असे सांगते, तेव्हा आपल्या तोंडून कोणते शब्द निघतात? ‘आपली मुलगी बाहेर गेली’, ‘त्यांनी तिला फूस लावली’, ‘समाजात तोंड दाखवायला जागा राहिली नाही’. हे शब्द ऐका. ते ममुखानाचे आहेत. विश्वासाविषयीची तळमळ योग्य आहे. तिच्याशी बोलावे, अश्रू ढाळावे, शास्त्र उघडून बसावे. परंतु तिचा फोन काढून घेणे, तिला खोलीत कोंडणे, मामाच्या गावी धाडणे हे ख्रिस्ताचे मार्ग नव्हेत. दुर्गच्या स्थानकावरील तीन तरुणींसाठी आपण जे स्वातंत्र्य मागितले, ते आपल्या स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या मुलीला नाकारून चालणार नाही. घरात पहिला हुकूम पाळणारी मंडळी रस्त्यावर दुसऱ्या हुकुमाला तोंड देऊ शकत नाही. तिचा आवाज आधीच अर्धा झालेला असतो.

अल्पसंख्याक समाजाला एक मोह नेहमी पडतो. बाहेर वादळ आहे, आधी एकजूट राखू, स्त्रियांचे प्रश्न मागाहून पाहू. परंतु देवाने यहूद्यांचा बचाव कोणाच्या हातून केला? ज्या राज्यात स्त्रीने बोलू नये असा कायदा होता, त्या राज्यात न बोलाविता राजापुढे उभी राहिलेल्या एका अनाथ मुलीच्या हातून. पहिला हुकूम मोडल्यावाचून दुसऱ्यातून सुटका होणे शक्यच नव्हते. एस्तेर जर ममुखानाच्या पत्राप्रमाणे वागली असती, तर हामानाचे पत्र अमलात आले असते.

आणि पुस्तकाचा शेवट पाहा. आरंभी जिच्या तोंडचा एक शब्दही नोंदला गेला नाही अशी राणी आहे. अखेरीस जी राणी आहे ती पूर्ण अधिकाराने पत्र लिहिते, आणि तिच्या आज्ञेने पूरीमचे नियम कायम होऊन ग्रंथात लिहिले जातात (९:२९–३२). देवाचे नाव ज्या पुस्तकात एकदाही येत नाही, त्यात देवाचे कार्य मुक्या केलेल्या स्त्रीपासून लिहिणाऱ्या स्त्रीपर्यंतच्या या प्रवासात दिसते.

आपल्या प्रभूनेही तेच केले. पुनरुत्थानाच्या पहाटे त्याने मरियेला तिच्या नावाने हाक मारली आणि ती वार्ता शिष्यांना सांगण्याचे काम तिच्यावर सोपविले (योहान २०:१६–१८). प्रेषितांना स्त्रियांचे ते बोलणे वायफळ वाटले, असे लूक प्रामाणिकपणे नमूद करतो (२४:११). मंडळीचा पहिला अविश्वास हा स्त्रीच्या साक्षीवरील अविश्वास होता. आणि ती साक्ष खरी होती.

देशावर प्रेम करणे पाप नाही. रमाबाई १८८९ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून बसल्या होत्या. ख्रिस्त आणि देश यांत त्यांना वैर दिसले नाही. ज्या देशात आपली मुलगी, शेजाऱ्याची मुलगी आणि अबूझमाडच्या डोंगरातील मुलगी स्वतःचे तिकीट स्वतः काढून निर्भयपणे गाडीत बसू शकते, तो देश घडविणे ही आपली प्रार्थना असो आणि आपले कामही.

हे प्रभो, आमच्या दरबारातले ममुखान आम्हांला दाखव. आमच्या घरांतील भय काढून टाक. ज्यांना आम्ही गप्प बसविले त्यांना वाणी दे, आणि ती ऐकण्यास आम्हांला कान दे. जे आमच्याविषयी द्वेष बाळगतात त्यांच्या लेकीबाळींचेही तू रक्षण कर. येशूच्या नावाने मागतो. आमेन.